कोपऱ्यातला पाट

समारंभ ठरला की घरात पहिलं भांडण होतं ते कोणाला बोलवायचं यावरून. खर्चाचं भांडण नंतर, जेवणात काय करायचं याचं त्याच्याही नंतर. आपल्या सगळ्यांच्या घरी हे असंच चालतं. भिलाईच्या टाऊनशिपमध्ये देवाजीच्या क्वार्टरात पासष्ट सालच्या श्रावणात तेच झालं, फक्त तिथं भांडण भलत्याच नावावरून पेटलं. ज्या माणसाचं तोंड पाहायची देवाजीला इतकी वर्षं इच्छा नव्हती, त्यालाच त्याला सगळ्यांत आधी बोलवायचं होतं.

निमित्त देवाजीच्या साठीचं होतं. त्याचा जन्म कुठं नोंदलेला नव्हता. आई सांगायची, गोंदियाकडून नव्या गाडीचे रूळ पडत होते त्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला तू झालास. पोरगा भैयालाल आता पोलाद कारखान्यात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये लागला होता. बापाचं वय रुळांवरून काढायचं म्हटल्यावर त्याला मोठी गंमत वाटली. त्यानंच हिशेब केला आणि तोच मागं लागला.

"बाबा, साठ पूरे हो रहे हैं तुमचे. आपल्या घरात कोनाचा वाढदिवस कधी झाला नाही. ह्या बारीनं करू."

"आमच्यात असलं काही करत नाहीत रे," म्हणून देवाजीनं आधी उडवून लावलं. मग चारसहा दिवस गेले. एका संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या एकदम म्हणाला, "करू साठी. पन बोलावनं मी करीन. पहिलं बोलावनं दुर्गच्या कृष्णरावले."

पोळी लाटणारा मथुराबाईचा हात थांबला. नवऱ्याच्या तोंडून हे नाव तिनं पुष्कळदा ऐकलं होतं, पण बोलावण्यासाठी कधीच नाही.

गोष्ट सत्तावन सालची. देवाजी तेव्हा बायकोपोराला घेऊन गोंदियाकडून नुकताच भिलाईला आला होता. कारखाना अजून उभा राहत होता. जिकडं पाहावं तिकडं खणलेली माती आणि लोखंडाचे खांब. मरोद्याजवळच्या मजूर कॅम्पात त्यांना बांबूच्या तट्ट्यांची खोली मिळाली आणि अवजड वजनं साखळीनं ओढून वर चढवणाऱ्या खलाशांच्या टोळीत देवाजीला काम मिळालं. आसपास साऱ्या देशाची माणसं, कोणाची बोली कोणाला कळेना. अशात एक दिवस दुर्गचे कृष्णराव कॅम्पात आले. पिढ्यान्‌पिढ्या दुर्गात राहिलेलं त्यांचं मराठी घर, बांधकामाला विटा आणि चुना पुरवण्याचा धंदा. कानावर मराठी पडली तसे ते थांबले.

"अरे वा, मराठी माणसं! म्हणजे आपलीच माणसं. आमच्या नव्या घराची वास्तुशांत आहे, यायचं बरं का. सहकुटुंब."

माणूस पुष्कळदा बोलायची रीत म्हणून बोलून जातो. देवाजीच्या गावची रीत वेगळी होती. तिथं सहकुटुंब या म्हटलं की घरची चूल पेटवायची नाही, आणि बोलावलं म्हणजे पंगतीत जागा आहेच असं समजायचं. देवाजीनं धोतर स्वच्छ धुतलं. मथुराबाईनं पेटीतला कोरा खण काढला, एक नारळ आणला, चौदा वर्षांच्या भैयालालचे केस तेल लावून बसवले. वैशाखाच्या उन्हात तिघं पायी दुर्गला गेली. दारात नारळ-खण दिला, यजमानांनी तो घेतलाही. पुरुषांची पहिली पंगत बसत होती, म्हणून देवाजी लेकाला घेऊन कोपऱ्यातल्या पाटावर जाऊन बसला. वरण-भात वाढून झाला, वर तूप पडलं, देवाजीचा हात भातात गेला, आणि कृष्णराव समोर येऊन उभे राहिले.

"ही पंगत तुमच्यासाठी नाही. मजुरांची मागून बसेल. उठा."

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. भाताचा हात तसाच घेऊन देवाजी उठला, त्याच्यामागं भैयालाल उठला. ओळीतल्या एकाही माणसानं पत्रावळीवरून मान वर केली नाही. मागची पंगत कधी बसली हे पाहायला तिघं थांबली नाहीत. "नारळ ठेवून घेतला अन् मानूस उठवला," असं देवाजी वाटेत एकदा बोलला आणि मग त्यानं ते वाक्य पोटात ठेवून दिलं.

राग जपावा तर देवाजीनं. जुन्या लोणच्यासारखा त्यानं तो मुरवला, कोणाला हात लावू दिला नाही. साखळी ओढताना टोळीचे सगळे 'जोर लगाके' म्हणायचे, तेव्हा देवाजी ओठांतल्या ओठांत कृष्णरावांचं नाव घ्यायचा आणि दुप्पट जोर लावायचा. मुकादमाला वाटे, काय कष्टाळू माणूस आहे! पुढं पोरगा नोकरीला लागला, पक्कं क्वार्टर मिळालं, नळ आला, विजेचा दिवा आला. देवाजीचं काम वयानं सुटलं. सगळं बदललं, पण ओट्यावर विडी ओढत बसलं की त्याला एकच स्वप्न पडायचं: आपल्या अंगणात पंगत बसली आहे, कोपऱ्यातल्या पाटावर कृष्णराव आहेत, त्यांचा हात भातात आहे, आणि आपण म्हणतो आहोत, उठा.

आता साठी चालून आली होती. अशी संधी पुन्हा कधी येणार?

"साठी कशाले करतेत, सांगा बरं मले," मथुराबाईनं लाटणं बाजूला ठेवून विचारलं.

"मानूस साठ वर्सं जगला म्हनून करतेत."

"एकटाच जगला का? ज्याईनं जगवलं त्याईले बोलवाचं असते, जेवू घालाचं असते. तुमच्या मनात काही वेगळंच चालून राहिलं."

"मीबी जेवूच घालून राहिलो ना कृष्णरावले."

"तुमच्या तोंडावरून तं जेवू घालाचं दिसत नाही," मथुराबाई म्हणाली. "आठ वर्सं झाली. त्या मानसाले तुमी आपल्या घरात जागा देऊन ठेवली. आपल्या संगं उठते, आपल्या संगं जेवते, भाडं काही देत नाही. आता तरी काढा त्याले बाहेर."

"काढतोच हाव," देवाजी म्हणाला आणि स्वतःशीच हसला.

मथुराबाईला ते हसणं आवडलं नाही. ती म्हणाली, "बरं, सुकवारोले सांगितलं का?"

"कोन सुकवारो?"

मथुराबाई नवऱ्याकडं पाहतच राहिली. "कोन सुकवारो? अवो, त्या दिवशी दुर्गवरून परत येताना मरोद्याच्या वेशीवर कोनाच्या ओट्यावर बसलो आपन? पानी मागाले गेलो तं पोराच्या हाताले वाळलेला भात पाहून तिनं एक शब्द इचारला नाही. घरातली बासी आनून पुढं ठेवली, अन् स्वतः उपाशी राहिली. तुमी दोन बारी मागून खाल्ली होती."

बासी म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवून ठेवलेला भात. वर मीठ, कांदा, हिरवी मिरची. उन्हाळ्यात छत्तीसगडी घरात दुपारचं जेवण तेच. त्या पहिल्या वर्षात सुकवारोनं या घराला आणखीही पुष्कळ काही दिलं होतं. भैयालालला ताप आला तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसली होती, मथुराबाईला इथली बोली शिकवली होती. मग ती कुरुद गावी लेकीकडे राहायला गेली, आणि देवाजीच्या मनातूनही गेली.

"हाव हाव, सुकवारो. तिले सांगून देऊ," देवाजी म्हणाला. पण त्याचं मन केव्हाच दुर्गच्या वाटेला लागलं होतं.

दुसऱ्याच दिवशी हळदीच्या अक्षता घेऊन तो कृष्णरावांच्या दारात उभा राहिला. घराचा रंग उडाला होता. विटा-चुन्याचा धंदा बसल्याचं त्यानं ऐकलं होतं, आज डोळ्यांनी पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. कृष्णराव आरामखुर्चीत होते. केस पांढरे झाले होते, चष्म्याची काच जाड झाली होती. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"कोण आपण?"

"मी देवाजी. मरोद्याच्या कॅम्पातला. मराठी मानूस."

"अच्छा अच्छा, देवाजी! या ना," कृष्णराव म्हणाले. त्यांनी ओळखलं नव्हतं, हे कोणालाही कळलं असतं. देवाजीला मात्र वाटलं, ओळखून न ओळखल्यासारखं करून राहिला. बोलावणं ऐकताच म्हातारा खुलला. "साठी? वा! नक्की येतो. अहो, हल्ली आम्हाला कोण बोलावतं! मुलं तिकडे नागपूरला. तुम्ही आठवणीनं आलात, फार बरं वाटलं."

दुसरा कोणी असता तर इथंच विरघळला असता. देवाजी परतताना वाटभर खूश होता. शिकार आपल्या पायानं चालत येणार होती.

उठवायचं काम त्यानं भाच्याकडं दिलं. शेषराव गेल्याच वर्षी गावाहून कामाला आलेला, अंगानं दांडगा आणि मामाच्या शब्दाबाहेर न जाणारा. देवाजीनं त्याला अंगणाच्या टोकाला नेऊन जागा दाखवली.

"ह्या कोपऱ्यात पाट ठेवजो. वरन-भात वाढून झाला, तूप पडलं, त्या पाटावरच्या मानसाचा हात भातात गेला, का जाऊन म्हनाचं: ही पंगत तुमच्यासाठी नाही, मागून या, उठा. बस, आनखी काही बोलू नको."

"कोन बसनार हाय तिथं, मामाजी?"

"कोनीबी असन. तू तोंड पाहू नको. तोंड पाहशीन तं दया येईन तुले."

शेषरावनं मान हलवली. मामाचा काही मानपानाचा विधी असेल असं त्याला वाटलं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी पाऊस उघडला. अंगणावर ताडपत्री ताणली होती, शेजारच्या क्वार्टरांतून पाट मागून आणले होते. चुलाणावर भात, वरण, वडे, आलू-वांग्याची भाजी, आणि परातीत बुंदी. देवाजीच्या टोळीतले जुने खलाशी आले, गोंदियाकडचे भाऊबंद आले, भैयालालचे मिलमधले दोस्त आले. सायकलरिक्षातून कृष्णराव उतरले. हातात नारळ आणि नवं उपरणं. देवाजीनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि नीट ठेवून दिलं. नारळ ठेवून घेतला, आता माणूस उठवायचा राहिला होता.

"इकडं या कृष्णराव, कोपऱ्यात. इथं वारा येते," असं म्हणत त्यानं त्यांना हात धरून पाटापर्यंत नेलं आणि शेषरावकडं पाहिलं. शेषराव तुपाचं भांडं घेऊन तयारच होता.

तेवढ्यात आतून हाक आली. नवं धोतर नेसायचं होतं, धाकटी माणसं पाया पडायला थांबले होते, ओवाळणी व्हायची होती. देवाजीला अंगण सोडवेना, पण साठीच्या माणसाला त्या दिवशी नाही म्हणता येत नाही. तो आत गेला. कोणी पाया पडत होतं, तो हात वर करत होता आणि कान बाहेर लावून होता. बादल्यांचे आवाज आले. म्हणजे भात वाढून राहिले. मथुराबाईचा मात्र पत्ता नव्हता. ओवाळायचं तबक तसंच पडलं होतं.

"कुठं होती तू?" ती आत येताच देवाजी करवादला. "आटप लवकर."

"एक पाहुनी आली, तिले बसवून आली," मथुराबाई म्हणाली. चेहरा हसरा होता. "तुमी सांगतो म्हनले अन् विसरले. मीच दूधवाल्याच्या हातून निरोप धाडला."

देवाजीनं कोण ते विचारलं नाही. तो मानाच्या पाटावर बसला, मथुराबाईनं त्याच्या कपाळाला कुंकू टेकवलं, आणि बाहेरून शेषरावचा मोठा, स्पष्ट आवाज आला.

"ही पंगत तुमच्यासाठी नाही. मागून या. उठा."

काय गोड वाटलं ते वाक्य देवाजीला! लहानपणी ऐकलेली वासराच्या गळ्यातली घंटासुद्धा त्याला इतकी गोड लागली नव्हती. कुंकवाचं बोट कपाळावर अर्धं राहिलं. तो ताडकन उठला आणि बाहेर धावला. कृष्णरावांचा चेहरा त्याला पाहायचा होता. तेवढा एक चेहरा पाहायला तर त्यानं ही साठी मांडली होती.

कोपऱ्यातल्या पाटावरून एक म्हातारी उठत होती. अंगावर जाडंभरडं लुगडं, हातात गिलटाच्या बांगड्या, बाजूला फडक्यात बांधलेली ठेठरी-खुरमी, पोळ्याला छत्तीसगडी घरात तळतात ती. उजव्या हाताला वरण-भात लागलेला होता. कुरुदहून चालत आलेली सुकवारो होती ती!

"कोनो बात नइ हे, भइया," ती शेषरावलाच समजावत होती. "मैं पाछू बइठ जाहूं." काही हरकत नाही, मी मागून बसते.

झालं होतं ते इतकंच. मांडी घालून बसताना कृष्णरावांचा गुडघा धरला, म्हणून भैयालालनं त्यांना व्हरांड्यात खुर्ची दिली आणि ताट हातात दिलं. पाट रिकामा राहिला. सुकवारो आली, इतक्या लोकांत मधे बसायला ती लाजत होती, म्हणून मथुराबाईनंच तिला कोपऱ्यातल्या त्या पाटावर बसवलं. आणि शेषरावनं मामानं सांगितल्याप्रमाणं तोंड पाहिलं नाही.

ओळीतली माणसं पत्रावळीकडं पाहत होती. एकानंही मान वर केली नाही. दुर्गला त्या दिवशी तरी परकी माणसं होती. इथं देवाजीबरोबर साखळी ओढलेले खलाशी होते, त्याचे भाऊबंद होते, आणि सगळ्यांच्या नजरा भातात होत्या. देवाजीला ते दृश्य ओळखीचं वाटलं. फक्त या वेळी तो यजमानाच्या बाजूला उभा होता.

"शेषराव! पागल हो गया क्या?" भैयालाल ओरडत आला. "किसने बोला तुझको? कोनाले उठवून राहिला तू, कळते का? ह्या बाईच्या हातची बासी खाऊन मी जगलो."

"मामाजीनं सांगितलं," शेषराव गोंधळून म्हणाला. "कोपऱ्यातल्या मानसाले उठव म्हनून. तोंड पाहू नको म्हनले."

आता मात्र साऱ्यांनी माना वर केल्या. देवाजीच्या मनात आलं, पोराला दोन शिव्या हासडाव्या, मूर्ख ठरवावं आणि मोकळं व्हावं. सुकवारोनं विश्वास ठेवला असता. सगळ्यांनी ठेवला असता. मथुराबाई दारात तबक घेऊन उभी होती, तिनं मात्र ठेवला नसता.

"हाव," देवाजी म्हणाला. "मीच सांगितलं होतं."

"काय झालं देवाजी?" व्हरांड्यातून कृष्णरावांनी विचारलं. त्यांच्या ताटात बुंदी होती, तोंडातही होती.

देवाजी त्यांच्याकडं वळला. "तुमच्यासाठी केलं होतं हे कृष्णराव. हे बोलनं तुमचंच हाय. तुमच्या वास्तुशांतीले तुमी मले असंच उठवलं होतं. हात भातात होता माझा. पोरगा बाजूले होता. नारळ ठेवून घेतला तुमी अन् मानूस उठवला."

कृष्णरावांनी ताट मांडीवर ठेवलं. चष्मा काढला, पुन्हा लावला. देवाजीचा चेहरा नीट पाहिला.

"मला आठवत नाही हो," ते म्हणाले. "खरंच आठवत नाही. पण बोललो असेन. तेव्हा आम्ही तसंच बोलायचो."

"तुमाले नाही आठवत," देवाजी म्हणाला, "अन् मले दुसरं काही आठवलंच नाही. तुमाले आठवता आठवता हिले विसरलो मी. ज्या दिवशी तुमी उठवलं, त्याच दिवशी हिनं जेवू घातलं. बायकोनं नाव घेतलं तं मी इचारलं, कोन सुकवारो."

कृष्णराव खुर्चीच्या हाताला धरून हळूहळू उभे राहू लागले. गुडघा साथ देत नव्हता. "मग मी उठतो, देवाजी. तुमचं बरोबर आहे."

देवाजीचं स्वप्न खरं व्हायला आता एका शब्दाचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं असतं तरी पुरलं असतं. अर्धवट उठलेला म्हातारा, हाताला बुंदीचा पाक, साऱ्या पंगतीच्या नजरा त्याच्यावर. देवाजीनं ते डोळे भरून पाहिलं, आणि त्याला काहीच गोड लागलं नाही.

"बसा," तो म्हणाला. "राग गेला माझा असं नाही म्हनत मी. पन बसा. ह्या अंगनातून आता कोनी उठनार नाही."

मग तो सुकवारोकडं गेला. तिनं फडकं उचललं होतं आणि नळाकडं हात धुवायला निघाली होती. साठ वर्षांचा तो दांडगा खलाशी तिच्यापुढं वाकला आणि त्यानं तिच्या पायांना हात लावला. ती मागं सरकली.

"ये का करत हस देवाजी?"

"बस, बाई. माझ्या पाटावर बस. चूक झाली माझी."

मानाच्या पाटावर बसायला ती काही तयार होईना. तिनं कोपऱ्याकडं बोट दाखवलं. "तैं बइठ, तब मैं बइठहूं."

तू बसलास तर मी बसते. देवाजीनं नवं धोतर सावरलं आणि तिच्या पाटाशेजारी ओल्या जमिनीवरच मांडी घातली. सुकवारो बसली. शेषराव रडवेला होऊन भाताची बादली घेऊन आला. या वेळी त्यानं आधी म्हातारीच्या तोंडाकडं पाहिलं आणि मग वाढलं.

जेवता जेवता सुकवारोनं विचारलं, आज आहे तरी काय? भैयालालनं सांगितलं, बाबांना साठ वर्षं झाली. तिला फार नवल वाटलं.

"अन् तुझं वय किती असन, बाई?" देवाजीनं विचारलं.

सुकवारो हसली. "मोर उमर ला कोन गिने हे?"

माझं वय कोणी मोजलंय? तिनं ते दुःखानं म्हटलं नव्हतं, पाऊस उघडला असं सांगावं तसं सांगितलं होतं. देवाजीचा घास हातात राहिला. मथुराबाई तबक घेऊन कोपऱ्यात आली. नवऱ्यापुढं ओवाळायला ती वाकली, तर देवाजीनं तिचा हात धरून तबक सुकवारोकडं वळवलं.

"पहिले हिले ओवाळ. हिचीबी साठी आजच हाय. मोजाले कोनी नव्हतं म्हनून काय झालं, आपन मोजू."

अंगणातली सगळी माणसं तेव्हा उठून उभी राहिली, कोणी न उठवता. व्हरांड्यात कृष्णरावही खुर्चीला धरून उभे होते. देवाजीचा त्यांच्यावरचा राग त्या दिवशी पार निवला असं कोणी म्हणू नये. तो पुढंही अधूनमधून डोकं वर काढायचा. पण दिवाळीत देवाजी स्वतः त्यांच्याकडं फराळाचा डबा घेऊन गेला, आणि त्या क्वार्टरांच्या ओळीत मग कोणाच्याही कार्यात मागची पंगत म्हणून वेगळी बसली नाही.

मंडळी, आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी कोणीतरी पंगतीतून उठवलेलं असतं. आणि बहुधा त्याच दिवशी कोणीतरी जेवूही घातलेलं असतं. उठवणाऱ्याचं नाव आपण जपून ठेवतो, जेवू घालणाऱ्याचं विसरतो, आणि मग सूड घ्यायला निघालो की आपला हात नेमका त्याच्याच पानावर पडतो. अपमानाचा बदला म्हणून दुसऱ्याचा अपमान केला तर अपमान एकानं वाढतो, कमी होत नाही. तेव्हा आपल्या घरी कार्य निघेल, साठी असो की बारसं, पहिलं बोलावणं आपल्याला जगवणाऱ्याला जाऊ द्या. आणि जो येऊन बसला, तो कोणीही असो, त्याच्या तोंडाकडं नीट पाहा आणि वाढा.

पुढच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला देवाजी ओट्यावर बसला होता. आज आपला वाढदिवस आहे हे त्याच्या लक्षातही नव्हतं. फाटक वाजलं. फडक्यात ठेठरी-खुरमी घेऊन सुकवारो उभी होती, कुरुदहून चालत आलेली, केसांना तेल लावलेली. आत येण्याआधीच तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "मोर एकसठ होगे, देवाजी."